कार्लश्टेनला 'बाजारपेठेचं शहर' म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की प्राग सहलीच्या लेखात चेक प्रजासत्ताकातल्या कार्लश्टेन या गावाला इंग्रजीत 'मार्केट टाउन' म्हटलंय, तर मराठीत 'बाजारपेठेचं शहर' चालेल का. मी तरी नाही लिहिणार. शहर म्हणावं तर वस्ती हजाराच्या आत, आणि बाजारपेठ म्हटलं की आपल्याकडचा वाचक लगेच घाऊक मार्केट आणि ट्रकच डोळ्यासमोर आणणार.

मूळ चेक शब्द म्न्येस्तिस. खेडं आणि शहर यांच्या मधला दर्जा. पूर्वी बाजार भरवायचा तर राजाची परवानगी लागायची, आठवड्याचा बाजार वेगळा, वर्षाची जत्रा वेगळी, आणि ज्या गावाला हा हक्क मिळाला ते आजूबाजूच्या खेड्यांपेक्षा एक पायरी वर. म्हणजे इथे मुद्दा गर्दीचा नाही, हक्काचा आहे. 1954 मध्ये कम्युनिस्ट राजवटीत हा दर्जाच गेला, 2006 मध्ये कायदा बदलून परत आणला. आता त्याने जादा अधिकार वगैरे काही मिळत नाहीत, नुसता मान. शहर व्हायचं तर साधारण 3000 लोकवस्ती लागते, ती कार्लश्टेनकडे कुठून येणार!

गाव आहे प्रागच्या नैर्ऋत्येला, बेरोउन्का नदीच्या दोन्ही काठांवर, चुनखडीच्या डोंगरांत. स्टेशनवर उतरायचं, पूल ओलांडायचा आणि मग एकच चढाचा रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं आणि खानावळी, तो सरळ किल्ल्याकडे जातो. किल्ला बोहेमियाचा (म्हणजे चेक प्रदेशाचा) राजा चौथा कार्ल याने 1348 मध्ये बांधायला घेतला तो राजमुकुट, जडजवाहीर आणि संतांचे अवशेष सांभाळून ठेवायला. 1422 मध्ये हुसाइट लोकांनी, म्हणजे धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायांनी, वेढा घातला पण किल्ला काही पडला नाही. आज बाहेरून जो दिसतो तो बराचसा 19व्या शतकाच्या शेवटी योसेफ मोत्स्कर या वास्तुविशारदाने केलेल्या डागडुजीचा, हे गाइड लोक जरा हळू आवाजातच सांगतात. आणि पायथ्याच्या वस्तीचं जुनं नाव कार्लश्टेन नव्हतंच, बुद्न्यानी होतं, किल्ल्याचं नाव गावाला लागलं ते पार 20व्या शतकात.

तर शब्द कोणता? माझं मत 'कसबा'. आपल्याकडे परगण्याचं मुख्य गाव ते कसबा, देशमुख-देशपांडे तिथले, बाजारही तिथेच, आणि बाकीची ती मौजे. सांगलीजवळ कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रज अशी दोन्ही गावं आहेत, तिथे दर्जातला फरक नावातच दिसतो. अगदी तंतोतंत जुळतं असं नाही, कारण कसबा हे महसुलाच्या कारभाराचं ठिकाणही होतं आणि म्न्येस्तिसला तशी अट नव्हती, पण लहान गाव असून खेड्याहून वरचं हा अर्थ बरोबर पोचतो. 'पेठ' नको, पेठ म्हटलं की शहराचा एक भाग वाटतो. 'नगरपंचायत' तर अजिबात नको, तो आपला आजचा कायद्यातला शब्द आहे.

फक्त नावावरून दर्जा ठरवू नका. म्न्येस्तेत्स क्रालोवे नावाच्या गावात म्न्येस्तेत्स म्हणजे कसबाच, पण ते आता अधिकृतपणे शहर आहे, तिथे मात्र बिनधास्त शहर लिहा.