कंपनीने 'आधुनिक गुलामगिरी रोखण्याचं धोरण' मागितलंय. छोट्या लँडस्केपिंगवाल्याने काय करावं?

तुमचा साताऱ्यात लँडस्केपिंगचा छोटा व्यवसाय आहे. एमआयडीसीतल्या एका ब्रिटिश मालकीच्या कंपनीचं आवार करायचं काम मिळतंय आणि त्यांनी कोटेशनबरोबर हे धोरण लेखी मागितलंय. "आमच्याकडे रोजंदारीची माणसं, गुलामगिरी कुठून येणार? नेटवरचा मसुदा घेऊन सही करू का?" असं तुम्ही विचारलंय.

करू नका. मी याच धंद्यात सोळा वर्षं आहे, सांगली-साताऱ्यात बंगले, शाळा, कारखान्यांची आवारं केली आहेत. माझ्याच साइटवर उचलीपायी, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांपायी, बांधलेली माणसं राबत होती आणि मला ते कळायला बरीच वर्षं गेली.

वाईजवळ एका फार्महाउसचं काम चालू होतं. लॉन अंथरायला मुकादमाने जतकडच्या चार जोड्या आणल्या होत्या. त्यातल्या एका बाईच्या अंगात तीन दिवस ताप. मी तिच्या नवऱ्याला म्हटलं, "दादा, घरी घेऊन जा हिला, बरं वाटलं की या." तो खाली बघत म्हणाला, "मुकादमाला इचारायला लागतंय सायेब. उचल फिटली न्हाई अजून."

मी मुकादमाची वही मागून घेतली. त्या नवऱ्याच्या नावावर 60,000 ची उचल, बहिणीच्या लग्नाला घेतलेली. खाली किराणा, दवाखाना, गाडीभाडं, खाडे. हजेरी लागली की उचलीतून थोडं वजा व्हायचं, आठवड्याची खर्ची दिली की पुन्हा चढायचं. पाच महिने राबूनही आकडा जवळपास तिथेच. बायकोचं नाव वहीत कुठेच नव्हतं. नुसतं 'जोडी' लिहिलेलं, ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात तसं. आणि आठही जणांची आधार कार्डं रबर लावून मुकादमाच्या पिशवीत.

मी मुकादमाला चौरस फुटाचा दर द्यायचो आणि मोकळा व्हायचो. त्यातलं कुणाच्या हातात किती पडतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. हा दोष माझा होता.

उचल देणं हा आपोआप गुन्हा होत नाही. पण त्या उचलीपायी माणसाला काम सोडता येत नसेल, दुसरीकडे जाता येत नसेल किंवा किमान वेतनही मिळत नसेल, तर 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने ती वेठबिगारी आहे. त्या कायद्याने असं कर्जच रद्द होतं. मजूर म्हणाला की हे वेठबिगारीचं कर्ज आहे, तर तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर येते. दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली सांगितलं की, गरजेपोटी किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करावं लागणं म्हणजे संविधानाच्या कलम 23 मधली सक्तीची मजुरीच. साखळदंड लागत नाहीत त्याला.

तुमची कंपनी हे का मागते? ब्रिटनमध्ये 2015 चा मॉडर्न स्लेव्हरी ॲक्ट आहे. वर्षाला 3 कोटी 60 लाख पौंड किंवा जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना आपल्या पुरवठा साखळीत काय केलं, हे दरवर्षी जाहीर करावं लागतं. त्या साखळीतली एक कडी तुम्ही आहात.

आणि तुमच्या मागे अजून कड्या आहेत. विटा नदीकाठच्या भट्टीवरून येतात, तिथेही कुटुंबंच्या कुटुंबं उचलीवर येतात. खडी आणि काळा दगड खाणीतून. फरशी राजस्थानातून, मोठी झाडं आंध्रातल्या कडियमहून. तिथवर तुमचा हात पोचणार नाही, पण विक्रेत्याला मजूर कोण पुरवतो, पैसे कसे देतात, एवढं विचारता येतं. नर्सरी मात्र जवळची असते, आणि मला सर्वांत जास्त चटका तिथेच बसला. रोपांच्या पिशव्या भरायचा दर शेकड्यावर असतो. आईच्या नावावर हिशेब आणि शेजारी तिची नऊ-दहा वर्षांची मुलगी उकिडवी बसून माती भरतेय, नखांत लाल माती. हजेरीपटात ती मुलगी नसतेच. 14 वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी आहे, पण शेकड्याचा दर मुळात इतका कमी ठेवलेला असतो की आईला ती हातभाराला लागतेच. म्हणून मी त्या नर्सरीवाल्याला रोपामागे दर वाढवून दिला आणि पिशव्या भरणाऱ्या बायकांना रोजावर घ्यायची अट घातली. नुसतं "मुलं दिसायला नकोत" म्हटलं असतं, तर मी गेलो की ती मुलगी परत पिशव्यांपाशी आली असती.

माझ्याकडे आता पगार प्रत्येकाच्या स्वतःच्या खात्यात जातो, बायकोचा बायकोच्या खात्यात. मुकादमाला त्याचं कमिशन मी वेगळं देतो, मजुरीतून नाही. आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन मूळ कार्ड त्याच मिनिटाला परत. उचल लागली तर मी देतो, पण कोऱ्या कागदावर अंगठा घेत नाही आणि ती बाकी असतानाही माणूस जाऊ शकतो, हे सगळ्यांसमोर सांगतो. आजवर दोघं बाकी ठेवून गेले. ते पैसे बुडतील, हे मी धरूनच चाललो होतो. यामुळे माझा दर थोडा चढा पडतो आणि काही कामं हातची जातात. कोटेशनमध्ये मजुरीचा आकडा वेगळा दाखवा, मग कंपनीला तो कापताना विचार करावा लागतो.

धोरणात हेच लिहा, दोन पानं पुरे. "आम्ही शून्य सहनशीलता बाळगतो" असलं काही लिहू नका. उचलीची वही आम्ही दर महिन्याला बघतो, असं लिहा आणि खरंच बघा.

कुठे बांधलेलं माणूस सापडलं, तर घाईने मुकादमाला हाकलू नका. तो माणसांना गाडीत घालून दुसऱ्या साइटवर नेतो आणि कर्ज त्यांच्या मानेवर तसंच राहतं. आधी त्या माणसांशी एकटं बोला, मग तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी द्या. तिथून मुक्तता प्रमाणपत्र मिळालं, तर केंद्राच्या योजनेतून पुनर्वसनाची मदत मिळते. मूल असेल तर 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा.

सुरुवात नर्सरीपासून करा. सकाळी फोन करून जाऊ नका. दुपारी जा, मालक जेवायला गेलेला असतो तेव्हा, आणि पिशव्या भरणाऱ्या मावशींच्या शेजारी बसून विचारा की आजचे शंभर कुणी कुणी भरले.