पोट्टा दिवसभर पोकलेनखाली पडून असते, काय करू?

नमस्कार भाऊ,

पत्र दोनदा वाचलं. तुमचा धंदा हिंगणा रोडचा, दोन पोकलेन आणि एक बॅकहो भाड्याने चालवता, मुलगा इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉमचा डिप्लोमा ६४ टक्क्यांनी पास झालाय. तुम्हाला त्याला डायरेक्ट सेकंड इयरने पुण्यात कॉम्प्युटरला टाकायचंय आणि तो म्हणतो मशीनचं इलेक्ट्रिकल डायग्नोसिस शिकायचं. तुम्ही विचारलं की ६४ टक्क्यांत कोणतं कॉलेज मिळेल. त्याचं उत्तर एका ओळीचं आहे, डायरेक्ट सेकंड इयरला सीईटी नसते, डिप्लोमाच्या मार्कांवर कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेश फेरीतून प्रवेश होतो, फॉर्म भरा, कुठेतरी मिळेल.

पण मी अडकलो ते तिसऱ्या पानावर. "त्याचं मीटर मी कपाटात कुलूप लावून ठेवलं, तेव्हापासून पंधरा दिवस झाले आम्ही बोललो नाही." भाऊ, वीस वर्षांच्या मुलाच्या हातातलं वायरी तपासायचं मल्टिमीटर काढून कुलपात ठेवता म्हणजे काय करता ते एकदा शांतपणे पाहा. तो मोबाइलवर गेम खेळत नव्हता, उन्हात तुमच्याच मशीनखाली पडून होता. तुम्ही लिहिलंय "मी जन्मभर ग्रीस पाहिलं, त्याने पाहू नये." हे वाक्य मनापासून आलंय हे कळतं, मी त्याची किंमत कमी करत नाही. मात्र पुढच्याच ओळीत साळ्याचा मुलगा हिंजवडीला आहे आणि नातेवाईक विचारून राहिले, हेही तुम्हीच लिहिलंय. मग तुम्हाला काळजी पोराची आहे की साळ्याला काय सांगायचं त्याची? दोन्ही असेल, माणूस आहे, पण दुसऱ्या काळजीसाठी त्याची तीन वर्षं खर्च करू नका.

आता तुम्ही सहज सांगून गेलात ती गोष्ट. बुटीबोरीच्या साइटवर पोकलेन पाच दिवस उभं होतं, इंजिन सुरू व्हायचं पण मध्येच मॉनिटरवर कम्युनिकेशन एरर यायचा आणि डायल फिरवला तरी आरपीएम वाढत नव्हता, मेकॅनिकने लॅपटॉप लावून कंट्रोलर, म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, बदला म्हणून सांगितलं, खर्च लाखाच्या वर, आणि मग पोराने सीटमागच्या कनेक्टरमध्ये मागे सरकलेली पिन शोधली. तुम्ही लिहिता "नशिबाने सापडली." नशीब नाही भाऊ, आणि तुमचा मोठा गैरसमज इथेच आहे की लॅपटॉप लावला की मशीन स्वतःच सांगते काय बिघडलं, मग त्यात शिकायचं काय.

लॅपटॉप फक्त एवढं सांगतो की अमुक कंट्रोलरशी बोलणं बंद झालं, का बंद झालं ते सांगत नाही. आजच्या मशीनमध्ये इंजिनचा ईसीयू म्हणजे इंजिनचा कंट्रोलर, हायड्रॉलिक पंपाचा कंट्रोलर, मॉनिटर हे सगळे एकमेकांत पीळ दिलेल्या दोन वायरींवरून बोलतात, त्याला कॅन बस म्हणतात, १९८६ मध्ये बॉश कंपनीने ती जगासमोर आणली आणि अवजड मशीनमध्ये बहुतेक ठिकाणी ती जे१९३९ या नियमाने चालते. लाइनच्या दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात. बॅटरी काढून दोन वायरींमध्ये मीटर लावलं तर ६० ओहम यायला पाहिजे. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याच्या जवळ आले तर वायरी एकमेकींना लागल्यात, ४० आले तर कोणीतरी तिसरा रेझिस्टर जोडून ठेवलाय. तुमच्याच पत्रात आहे, "वायरी हलवत होता आन् साठचे एकशेवीस होते म्हणत होता." हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हातभर हातभर पुढे हलवत जायचं आणि जिथे आकडा उडी मारतो तिथे थांबायचं, पोराने हेच केलं. त्याने थिअरी वापरली, आणि ती त्याच डिप्लोमात शिकवतात जो तुमच्या मते "मशीनच्या कामाचा नाही."

हा फॉल्ट असा आहे की एक लाइन गेली की मॉनिटरवर दहा एरर कोड एकदम येतात, घाबरून लोक कंट्रोलर बदलतात आणि नवीन कंट्रोलरवरही तोच एरर येतो. खरं कारण बहुतेक वेळा बूमजवळ घासलेली वायर, कनेक्टरमध्ये गेलेलं पाणी, पावसाळ्यात उभ्या मशीनमध्ये उंदराने कुरतडलेलं हार्नेस, नाहीतर बॅटरी न काढता बकेटला मारलेलं वेल्डिंग. तुमच्याकडे वेल्डिंग मारताना बॅटरी काढतात का? आजच विचारा.

कामाची बाजू पण सांगतो, पोरालाही वाचायला द्या. मे महिन्यात ४५ डिग्रीत लोखंडाला हात लावायचा, रात्री दोनला फोन येणार, पहिली दोन-तीन वर्षं पगार कमीच वाटेल, आणि वायरिंग डायग्राम व मॅन्युअल इंग्रजीतच असतात, त्यामुळे इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर हा रस्ता नको. पंधरा दिवसांत ईसीयू एक्सपर्ट बनवतो म्हणून डुप्लिकेट सॉफ्टवेअरसोबत महागडा कोर्स विकणारे भेटतील, एक रुपया देऊ नका.

माझं मत विचाराल तर यंदा कॉम्प्युटर नको. डिप्लोमावाल्यांसाठी नॅट्स या केंद्र सरकारच्या योजनेची वर्षभराची अप्रेंटिसशिप असते, स्टायपेंड मिळतो, तिथे नाव नोंदवा आणि मशीन कंपनीच्या डीलरकडे किंवा कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये प्रयत्न करा. वेकोलि म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स, या सरकारी कोळसा कंपनीचं मुख्यालय नागपुरातच आहे, उमरेडची खुली खाण तासाभरावर, तिथले डंपर आणि शॉव्हेल पाहिले की तुमचं पोकलेन त्याला लहान वाटेल. वर्षानंतर तो स्वतः म्हणाला डिग्री करायची, तर इलेक्ट्रॉनिक्सची करू द्या, तेव्हा काय शिकायचंय हे त्याला माहीत असेल.

तुम्ही मला लिहिलं तसं त्याला विचारलं का, की पिन कशी सापडली? माझ्या मते नाही विचारलं. आज संध्याकाळी मीटर काढून त्याच्या हातात द्या आणि विचारा. मीटरमधली ९ व्होल्टची बॅटरी आधी बर्डीच्या बाजारातून नवीन आणा, ती उतरली असेल तर रीडिंग चुकीचं दाखवते.