गुंड्यात छान दिसलेले रंग विणल्यावर मळकट का होतात?

तुम्ही एका दमात तीन गोष्टी विचारल्यात: रोज विणणाऱ्या बाईचा दिवस कसा जातो, सध्या माझ्या सुयांवर काय चढलंय, आणि मोरपंखी, मरून, मोहरी असे तीन देखणे गुंडे आणूनही तुमचा मफलर 'पायपुसण्यासारखा' का दिसतोय. पायपुसणं हा शब्द तुमचाच. वाचून हसू आलं, कारण तसलं एक पायपुसणं मीही विणलंय. भाच्याने ते दोन सर्दी निमूटपणे घातलं. (आम्ही ग्वाल्हेरची मराठी माणसं हिवाळ्याला सर्दी म्हणतो. पुण्याच्या नणंदेला फोनवर दर डिसेंबरात वाटतं की आमच्या घरात सगळ्यांनाच पडसं झालंय.)

दिवसाचं आधी सांगते, त्यात फार काही नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात आमचं झेरॉक्सचं दुकान आहे, बाडा म्हणतात त्या मुख्य चौकापासून चालत दहा मिनिटं. सकाळी दहा ते दोन गल्ल्यावर मी, मग हे येतात. विणकाम खालच्या खणात, स्टेपलरच्या शेजारी. ओळ अर्धवट सोडून उठायचं नाही असा माझा नियम आहे, पण ज्याला आधार कार्डाच्या चार प्रती हव्यात आणि बाहेर ऑटो उभी आहे त्याला तो कसा पटणार? म्हणून दुकानात फक्त साधी वीण, एक ओळ सुलट, एक ओळ उलट. कुठूनही सोडा, कुठूनही धरा. ओळी मोजायला वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर रेघा मारते. गिऱ्हाईकं सल्ले देतात. "आंटीजी, बाज़ार में तीन सौ का मिल जाता है, काहे आँखें फोड़ रही हो?" खरं आहे त्यांचं. नुसती लोकरच कधीकधी तेवढ्याची होते. मी विकत नाही, म्हणून हिशेबही करत नाही.

मे-जूनमध्ये इथे पारा ४४-४५ पर्यंत जातो. तेव्हा हात घामेजतात, अ‍ॅक्रिलिक लोकर सुईवर सरकता सरकत नाही. मग सुती धाग्याचे रुमाल, नाहीतर सरळ सुट्टी. खरा हंगाम दसऱ्यानंतर. डिसेंबर-जानेवारीत धुकं इतकं उतरतं की समोरच्या दुकानाची पाटी वाचता येत नाही, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक स्वेटरकडे माझं लक्ष. लोकांचे चेहरे विसरते, बॉर्डरी लक्षात राहतात.

सध्या तीन कामं चालू आहेत. एक ह्यांची बिनबाह्यांची बंडी, स्टील ग्रे. हे दुकानातलं काम, त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही, नुसता ग्रे. दुसरं, उरल्यासुरल्या लोकरीच्या कानटोप्या. उशीच्या एका जुन्या अभ्र्यात वर्षानुवर्षांची शेपटं साठली आहेत, ती संपवायची म्हणून. (संपत नाहीत.) तिसऱ्यात मात्र जीव अडकलाय. भाचीच्या दीड वर्षाच्या लेकीसाठी पुलोव्हर, छातीवर बदकांची रांग.

ही बदकं आमच्या किल्ल्यावरची आहेत. राजा मानसिंह तोमराने (कारकीर्द १४८६ ते १५१६) बांधलेल्या मानमंदिर राजवाड्याच्या बाहेरच्या भिंतीवर चकचकीत फरशांची नक्षी आहे, निळी, हिरवी, पिवळी. त्यात पिवळ्या बदकांची एक रांग चाललेली दिसते. लहानपणापासून शंभर वेळा पाहिली असेन, पण विणायला घेतल्यावर पहिल्यांदा नीट पाहिली. त्या भिंतीवर निळा मुळात आहे किती? थोडासाच. बाकी सगळा दगड, बिस्किटी रंगाचा, शांत. त्या दगडामुळेच तो निळा पाचशे वर्षांनंतरही डोळ्यात भरतो. अख्खी भिंत निळी असती तर मला नाही वाटत कोणी मान वर करून पाहिलं असतं. म्हणून पुलोव्हरचा बहुतेक भाग बिस्किटी ठेवलाय, छातीवर चार बोटं फिरोजी पट्टा, त्यात पिवळी बदकं, आणि हिरव्याच्या फक्त दोन ओळी.

पहिलं बदक फसलं. दुकानात ग्राफपेपर आयताच असतो, त्यावर चौकोन रंगवून झोकात काढलं. विणलं तर अंड्यावर बसल्यासारखं चपटं! मग डोक्यात प्रकाश पडला की ग्राफचा चौकोन चौरस असतो, आपला टाका नसतो. तो रुंदीला जास्त, उंचीला कमी. माझ्या हाताला आठ नंबरच्या सुईवर १० सेंटिमीटरात २२ टाके बसतात, पण ओळी २८. म्हणजे कागदावरचं ११ ओळींचं बदक १४ ओळींचं करायला हवं. केलं, आणि ते उठून चालायला लागलं. (इंटरनेटवरचे नमुने वापरत असाल तर एक लक्षात ठेवा: आपल्याकडच्या सुयांचे नंबर उलटे चालतात. आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, दहा नंबर ३.२५, नंबर वाढेल तशी सुई बारीक.)

आता रंग. भाच्याचा तो स्वेटर लाल आणि हिरवा होता. टोमॅटोसारखा लाल, पोपटाच्या गर्द पंखासारखा हिरवा, दोन्ही गुंडे शेजारी ठेवले की डोळे दिपत. मी एक टाका लाल, एक टाका हिरवा असं भरून काढलं. हातात धरला की ठीक, चार पावलांवरून पाहिला की चिखल. टाका लहान असतो, लांबून डोळ्याला दोन टाके वेगळे दिसत नाहीत, तो त्यांची भेसळ करतो, आणि लाल-हिरव्याची भेसळ तपकिरीच होणार. तेच दोन रंग चार-चार ओळींच्या पट्ट्यांत घातले असते तर भांडले असते, पण मेले नसते.

दुसरं कारण मला झेरॉक्स मशीनने शिकवलं. एकदा गल्ल्यावर कोणी नव्हतं, मी लोकरीचे सहा तुकडे काचेवर ठेवून झाकण टाकलं आणि बटण दाबलं. जे रंग मला एकमेकांपासून कोसभर लांब वाटत होते, त्यातले दोन कागदावर अगदी एकाच राखाडी रंगाचे आले. राणी आणि गर्द हिरवा! रंग वेगळे होते, पण गडदपणा एकच. नक्षी दिसते ती बरीचशी गडद-फिक्या फरकाने, नुसत्या रंगाच्या नावाने नाही. तेव्हापासून कुठलीही जोडी आधी काचेवर जाते. आमच्या मशीनला फिका निळा जरा कमीच दिसतो, तेवढं समजून घ्यायचं. तुमच्याकडे मशीन नसणार. मोबाइलवर फोटो काढा आणि ब्लॅक अँड व्हाइट करा, तेच काम होतं.

मुलगी कापडाचं डिझाइन शिकते. तिला हे सांगितलं तर तिने एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. मिशेल शेव्रूल, पॅरिसच्या गोबेलँ इथे, भिंतीवरचे विणलेले पडदे बनतात तिथल्या रंगखात्याचा प्रमुख. तक्रार आली की निळ्या-जांभळ्याच्या शेजारी वापरलेली काळी लोकर फिकी पडते. त्याने तपासलं तर काळ्या रंगात खोट नव्हती, तो शेजाऱ्यांमुळे तसा दिसत होता. त्यावरून त्याने रंगांच्या शेजारधर्माचा नियमच मांडला, १८३९ मध्ये तो छापून आला. मला ही गोष्ट फार आवडली, कारण लोकरवाल्याशी मी स्वतः अशी भांडून आले आहे. "कल जो काला दिया था वो काला नहीं है।" होता काळाच. मी त्याला नेव्ही ब्लूच्या मांडीवर बसवलं होतं.

तरी लोकरवाल्याशी एका बाबतीत भांडाच. लेबलवरचा लॉट नंबर, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर, सगळ्या गुंड्यांवर एकच हवा. मी एकदा दोन गुंडे कमी घेतले, महिन्याने "वही कलर" आणला, आणि एक बाही आयुष्यभर उन्हात वाळत घातल्यासारखी दिसत राहिली. आणि गुंडे दुकानाच्या ट्यूबखाली पसंत करू नका, रस्त्यावर उन्हात आणून बघा. माझ्याकडे रात्री आठनंतर रंग निवडायला बंदी आहे.

दोन रंग एकाच ओळीत चालवत असाल तर आणखी एक गंमत. जो धागा पाठीमागून नेहमी खालच्या अंगाने येतो, त्याचे टाके किंचित मोठे पडतात आणि तोच रंग उठून दिसतो. म्हणून बदकाचा पिवळा कायम खालून, फिरोजी कायम वरून. मध्येच अदलाबदल झाली की नक्षी कुठे ठळक, कुठे पुसट. पाठीमागे चार-पाच टाक्यांहून लांब धागा सोडू नका, मध्ये एकदा अडकवून घ्या, नाहीतर लहान मुलांची बोटं त्यात जातात. आणि मागचा धागा ओढू नका. सगळ्यांचीच वीण इथे आवळते, मी तेवढ्या पट्ट्यापुरती सात नंबरची सुई घेते.

तुमच्या मफलरचं बोलायचं तर मला फोटोची गरज नाही. मोरपंखी आणि मरून दोन्ही जवळजवळ सारखेच गडद, आणि तुम्ही म्हणताय की एकाआड एक टाका घातलाय. ते दोघं एकमेकांना गिळतायत आणि बिचारी मोहरी मधल्यामध्ये धुळीसारखी दिसतेय. रंग तिन्ही ठेवा, प्रत्येकाचा वाटा बदला. जमीन मोरपंखी, निम्म्याहून जास्त. नक्षी फक्त मोहरीची. मरून दोन्ही टोकांना, पट्टा म्हणून, आणि तो मोरपंखीला थेट चिकटू देऊ नका, मध्ये मोहरीच्या दोन ओळी टाका. टोकाला एक सुलट एक उलट अशी बॉर्डर असेल तर रंग बदलल्यावर पहिली ओळ समोरच्या बाजूने सगळी सुलट विणा, नाहीतर जुन्या रंगाचे ठिपके वर येतात. त्याआधी वीतभर रुंद नमुना विणून खुर्चीच्या पाठीवर टाका आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघा.

म्हणजे आधीचं उसवावं लागेल, हो. जीव कासावीस होतो, पण एका संध्याकाळचं काम आहे. उसवलेली लोकर कुरळी येते, तिचा लगेच गुंडा करू नका. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवून, न पिळता दाबून सावलीत टांगा. अ‍ॅक्रिलिक असेल तर इस्त्री अजिबात जवळ आणू नका, लोकर मेल्यासारखी लोळागोळा होते. आणि मरून भिजवण्याआधी त्याचं एक शेपूट पांढऱ्या ओल्या रुमालात दाबून बघा. रंग सुटला तर त्याच्या जागी दुसरा गुंडा आणा, मोहरीच्या शेजारी हा नको.