आठ टक्क्यांत न दिसलेलं

चि. बाय,

अनेक आशीर्वाद. तुझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण काल हातात आलं. सोबतची चिठ्ठी वाचून हसू आलं: ‘सर, साम्य ८ टक्केच आलंय, सुटले!’ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, हे खरं. पण साम्य मोजणारं ते सॉफ्टवेअर शब्दाला शब्द जुळवतं. चाळिसाव्या पानावर जाळ्यांबद्दलची जी चार वाक्यं आहेत, ती तू इंग्रजी गॅझेटिअरमधून, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथातून, मराठीत आणलीस आणि कुठून आणली ते लिहिलं नाहीस. सॉफ्टवेअरला ती दिसली नाहीत. मला लगेच दिसली, कारण ठेवण साहेबाची आहे. तुझ्या आजीने रापण, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून करायची मासेमारी, अशी कधीच सांगितली नसती. भाषा बदलली म्हणून माहिती आपली होत नाही गं.

पुढच्याच पानावर नुसतं ‘रत्नागिरी जिल्हा गॅझेटिअर’. कुठलं? मुंबई इलाख्याच्या मालिकेतला दहावा खंड १८८०चा, त्यात सावंतवाडी संस्थानही आहे. राज्य सरकारने नव्याने काढलेलं १९६२चं. वर्ष नसेल तर पानाच्या आकड्याला काही अर्थ नाही. शिवाय दोन्हींतल्या ‘रत्नागिरी जिल्ह्यात’ तुमचं मालवण येतं, कारण सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ला. तू मात्र तक्त्यात १९७१ची रत्नागिरी आणि १९९१ची रत्नागिरी शेजारी मांडून मच्छीमार घटल्याचा निष्कर्ष काढलास. अगं, मधल्या काळात देवगड, मालवण, वेंगुर्ला दुसऱ्या जिल्ह्यात गेले! घट झाली की नाही, ते या तक्त्यावरून कळतच नाही. संदर्भात वर्ष लिहायची सवय असती तर हे मांडतानाच तुला खटकलं असतं.

दुसऱ्याच्या प्रबंधातून संदर्भ उचलण्याबद्दल मी अधिकारवाणीने बोलू शकतो. माझ्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एक पुस्तक टेबलावर ठेवलं. म्हणाले, ‘पान २१२ उघडा.’ पुस्तक १९० पानांत संपत होतं. मी ते कधी पाहिलंच नव्हतं. एका जुन्या प्रबंधाच्या तळटिपेवरून पानासकट उतरवलं होतं, चूकही त्याच्याकडून वारशाने घेतली. त्या पाच मिनिटांत पंख्याचा आवाज केवढा मोठा वाटत होता! तेव्हा मूळ हाती आलं नसेल तर तसं लिही: अमुक, तमुकच्या ग्रंथात उद्धृत. सूचीत तू वाचलेला ग्रंथच जाईल.

रापणीतल्या आजोबांची मुलाखत ग्रंथसूचीत घालू नकोस. वाचक ती कुठे शोधणार? मजकुरातच ‘मुलाखत’, गाव आणि तारीख दे. नाव छापलेलं चालेल का, हे आधी त्यांना विचार. जुन्या मराठी पुस्तकांवर शके असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळव, पण मजकूर माघ-फाल्गुनातला असेल तर ७९. स्वल्पविराम कुठे, आडनाव आधी की नंतर, हे विभागाने ठरवलेल्या शैलीप्रमाणे कर. त्यावर रात्र जागवू नकोस. एकच शैली शेवटपर्यंत धर म्हणजे झालं.

आणि टिपणवहीत उताऱ्याच्या आधी पुस्तकाचं नाव, आवृत्तीचं वर्ष आणि पान लिही. ‘मागाहून लिहीन’ म्हणून सोडलेले माझे कित्येक उतारे अजून बेवारस पडलेत.

गॅझेटिअरचे दोन्ही खंड मी काढून ठेवलेत. शनिवारी ये. त्याआधी ती चार वाक्यं आजीला वाचून दाखव, आणि ती काय म्हणते ते तारखेसकट लिहून आण.

तुझे
सर