आधीच पदवी असताना सरकारी खर्चाने दुसरा अभ्यासक्रम करता येतो का?

येतो, पण ते देशागणिक बदलते. इंग्लंडमध्ये आधीच्या पदवीच्या बरोबरीची किंवा खालच्या पातळीची दुसरी पदवी घ्यायची असल्यास शिक्षणशुल्काचे सरकारी कर्ज सहसा नाकारले जाते, मात्र नर्सिंगसारख्या विषयांना यातून सूट आहे. सिंगापूरमध्ये याउलट 25 वर्षे आणि त्यावरील प्रत्येक नागरिकाला, पदवी असो वा नसो, स्किल्सफ्यूचर या सरकारी कौशल्य-प्रशिक्षण योजनेचे 500 सिंगापूर डॉलरचे क्रेडिट (मान्य अभ्यासक्रमांच्या शुल्कासाठी वापरता येणारी रक्कम) मिळते. कायम रहिवाशांना मात्र नाही.

माझ्या मते, लोक पदवीचीच चिंता करतात आणि वास्तव्याची अट वाचायची राहून जाते. इंग्लंडमधील कर्जासाठी साधारणपणे ब्रिटनमध्ये तीन वर्षांचे वास्तव्य लागते आणि ते अर्जाच्या तारखेपासून नव्हे, तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या दिवसापासून मागे मोजले जाते.