मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यासाठी

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा नळपाणी योजनेचा कच्चा आराखडा परवा मिळाला. दोन रात्री बसून तो मी वाचला आणि समासात पेन्सिलीने बरेच काही लिहून ठेवले आहे. आकडेमोड स्वच्छ आहे, नकाशे नेटके आहेत. माझी तक्रार एकच आहे, पण ती साऱ्या आराखड्याला लागू पडते. तू वर्षातल्या सरासरी दिवसासाठी योजना आखली आहेस. तुझे गाव किनाऱ्यावर, तेही दक्षिण कोकणात. तिथे सरासरी दिवस कोणाच्याच वाट्याला येत नाही. चार महिने पाणी अंगणातून वाहते, आणि मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा नदीच्या कोंडीत गुडघाभरसुद्धा पाणी उरत नाही, नेमकी तेव्हाच गावात सर्वाधिक माणसे असतात. त्या आठवड्यात पुरी पडेल तीच योजना, असे गृहीत धरून आराखडा पुन्हा मांड.

लोकसंख्येपासून सुरुवात कर. जनगणनेचे आकडे सूत्रात घालून तू तीस वर्षांपुढची लोकसंख्या काढायला गेलीस आणि ती घटताना दिसली, म्हणून घाबरून १२,००० वर स्थिर धरलीस. सूत्राची त्यात चूक नाही. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या खरोखरच घटली होती. पण जनगणना होते फेब्रुवारीत, तेव्हा चाकरमानी मुंबईत असतो आणि त्याचे गावचे घर कुलूपबंद असते. नळजोडणी मात्र त्या घराला द्यावीच लागते आणि मे महिन्यात त्या घरात आठ-दहा माणसे आंघोळ करतात. ही माणसे मोजण्यासाठी नवा सर्व्हे करण्याची गरज नाही. घरपट्टीच्या नोंदवहीतली घरे आणि जनगणनेतली कुटुंबे यांची संख्या शेजारीशेजारी लिही, वीज कंपनीकडून महिनावार वापर माग, आणि नगरपंचायतीच्या कचरागाडीचे जानेवारीतले व मे महिन्यातले वजन ताडून पाहा. कचऱ्याइतकी प्रामाणिक खानेसुमारी मला दुसरी माहीत नाही.

आता हिशेब बघ. माणशी १३५ लिटर आणि गळती १५ टक्के धरून तुझ्या १२,००० माणसांना रोज साधारण १९ लाख लिटर पाणी लागते. समज, मे महिन्यात ६,००० पाहुणे वाढले. लॉज आणि हॉटेलांतल्या ८०० खाटांना प्रत्येकी १८० लिटर धरले. आणि १ जूनला मासेमारी बंद होण्यापूर्वी बंदरावर जी घाई असते तिच्यासाठी ६० टन बर्फ गोठवायला ६०,००० लिटर दिले, तर तोच आकडा ३१ लाखांवर जातो. तुझ्या आराखड्यात बर्फाच्या कारखान्यांचा उल्लेखच नाही. त्यांना पाणी मिळाले नाही तर ते टँकर घेतील, टँकर विहिरीवर उभा राहील आणि विहीर तुझ्याच गावातली असेल.

उद्भवाबद्दल, म्हणजे पाणी मुळात कुठून येणार याबद्दल, तू लिहिले आहेस की ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा पाण्याची चिंता नसावी. या वाक्यावर मी लाल रेघ ओढली आहे. जांभा म्हणजे चाळण. त्यावर पडलेले पाणी काही सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, कुशीतून झऱ्यांनी आणि बाकीचे ओढ्या-व्हाळांनी समुद्राला मिळते, आणि दिवाळीनंतर हातात उरते ते फक्त तू अडवलेले पाणी. ऑक्टोबर ते मे हे २४० दिवस आहेत. रोजचे २० लाख धरले तरी ४८ कोटी लिटर होतात, मे महिन्यातल्या जादा मागणीचे साडेतीन कोटी वेगळे, आणि दहा हेक्टरांच्या तलावावरून एक मीटर पाणी उन्हाने उडाले तर तेच दहा कोटी लिटर. हा साठा कुठे राहणार, याचे उत्तर आराखड्याच्या पहिल्या पानावर हवे. जुन्या माणसांनी ते आपापल्या परीने दिले होते. १५३० साली बांधलेल्या धामापूरच्या तलावाचे पाणी आज मालवण शहर पिते. वेंगुर्ल्याला निशाण तलाव आहे. दोन्ही ठिकाणी एकदा जाऊन ये, सांडव्यावर उभी राहा आणि वरच्या बाजूचे रान अजून शाबूत का आहे ते गावकऱ्यांना विचार.

तू जॅकवेल, म्हणजे नदीचे पाणी उपसणारी पंपाची विहीर, खाडीच्या वरच्या टोकाला घेतली आहेस, कारण तिथे जानेवारीतला पाण्याचा नमुना गोड निघाला. इथे मला माझीच चूक सांगितली पाहिजे, कारण चाळीस वर्षांपूर्वी मी हुबेहूब हेच केले होते. पौषात, ओहोटीच्या वेळी, काठावर बसून वरच्या थरातूनच बाटली भरून घेतली; क्लोराइड, म्हणजे खारेपणाचे माप, इतके कमी आले की मी वहीत समाधानाने बरोबरची खूण केली. योजना झाली, उद्घाटन झाले, पहिला उन्हाळा निभावला. दुसऱ्या वर्षी पाऊस लवकर संपला होता, नदीचा ओघ बारीक झाला, आणि वैशाखी अमावस्येच्या उधाणाबरोबर खाडी जॅकवेलच्याही वर चढली. गावात गेलो तर एका आजींनी मला ओटीवर बसवून पेजेची वाटी पुढे केली आणि म्हणाल्या, “मीठ घालूक नाय हां, चाखून बघ.” पेज खारट होती. त्यानंतर जॅकवेलच्या खालच्या अंगाला फळ्यांचा बंधारा घालावा लागला, त्यासाठी दोन वर्षे निधीची वाट पाहावी लागली, आणि तोवर गाव टँकरवर राहिले.

त्या वर्षी मला कळले की खारे पाणी जड असते. ते पाचरीसारखे नदीच्या तळातून आत सरकते आणि वर गोड्या पाण्याचा थर तसाच राहतो. वरून भरलेली बाटली म्हणूनच फसवते. पंप मात्र तळातून ओढतो.

विहिरींचा विचार तू एका ओळीत उडवला आहेस, तो मला पटला नाही. पुळणीलगतच्या वाड्यांतून प्रत्येक घरामागे बाव आहे आणि तिचे पाणी पिढ्यान् पिढ्या गोड राहिले, याचे कारण रहाट दिवसाला जेवढे उपसत होता तेवढेच पाऊस परत भरत होता. वाळूत मुरलेले गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. घनतेतल्या फरकामुळे समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची एक मीटर पातळी असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटर गोडे पाणी तोललेले असते. याचा उलटा अर्थ असा की पंप लावून ती पातळी अर्ध्या मीटरने उतरवली की कालांतराने तळाचे खारे पाणी वीस मीटर वर येऊ पाहते. सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी भर समुद्रात गोड्या आहेत, याचे पर्यटकांना नवल वाटते. मला त्याहून नवल वाटते ते त्यांची नावे ठेवणाऱ्याचे. इतक्या कौतुकाने नाव ठेवलेल्या विहिरीवर कोणी पाच अश्वशक्तीचा पंप बसवत नाही. तेव्हा नळ आल्यावरही या बावी जिवंत ठेवण्याची तरतूद कर. शौचालयांचे शोषखड्डे त्यांच्यापासून दूर राहतील हे पाहा, आणि नळाला पाणी नसेल त्या दिवशी भांडी-कपड्यांचे पाणी तिथून निघेल असे धर.

समुद्राचे पाणी गोडे करण्याची सूचना पुढच्या सभेत कोणीतरी मांडेलच. तिची थट्टा करू नकोस, फक्त विजेचा हिशेब समोर ठेव. चेन्नईजवळ मिंजूरला २०१० पासून दिवसाला दहा कोटी लिटरचा असा प्रकल्प आहे. त्या शहराचा आवाका वेगळा आहे. या पद्धतीत हजार लिटरमागे तीन ते चार युनिट वीज लागते, म्हणजे तुझ्या २० लाख लिटरांना रोज ७,००० युनिटच्या आसपास. तेवढेच नदीचे पाणी ८० मीटर उंच सड्यावर चढवायला, पंपाची कार्यक्षमता ६५ टक्के धरूनही, ६७० युनिट पुरतात. वीजबिल थकल्यामुळे बंद पडलेल्या योजना मी पाहिल्या आहेत, आणि त्या ६७० युनिटवाल्या होत्या.

विजेचा विषय निघालाच आहे, तर तुझ्या २० मीटर उंच टाकीबद्दल बोलतो. ती बाजारपेठेत, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर उभी करायची आहे. खाऱ्या वाऱ्यात काँक्रीटच्या आतली सळई गंजते, फुगते आणि गिलावा सुटतो. पंधरा वर्षांत अशा टाकीखालून लोक डोक्यावर हात धरून चालतात. गावामागे सडा असताना हा खर्च कशाला? सड्यावर जमिनीलगत टाकी बांध आणि पाणी उताराने खाली येऊ दे. शिवाय ही टाकी एका दिवसाची नको, किमान दोन दिवसांची असू दे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा विजेचे खांब इतके पडले की कित्येक गावे आठवडे अंधारात होती, आणि पंप बंद म्हणून नळही कोरडे होते. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून गेले. जॅकवेलवर जनित्र हवेच, ते पुराच्या रेषेच्या वर हवे, आणि त्याच्या डिझेलची तरतूद दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात वेगळी दाखव, नाहीतर ते पहिल्या वर्षीच भंगारात जमा होते. सड्यावरून पाणी आणताना एवढे लक्षात ठेव की खालच्या वाड्यांत दाब फार वाढतो. मध्ये दाब मोडणारी छोटी टाकी घातली नाहीस तर रात्री जोड फुटतील.

नळ्यांविषयी थोडक्यात: खारभूमीतून जाणाऱ्या लांबीत उघडे लोखंड वापरू नकोस. बाकी तू निवडलेले व्यास मला ठीक वाटले.

पाणी रोज एक तास सोडायचे, असे तू लिहिले आहेस. सुरुवातीला तसेच करावे लागेल, पण उरलेले तेवीस तास नळी रिकामी असते आणि गटारालगतच्या ढिल्या जोडातून बाहेरचे पाणी आत ओढून घेते, हे विसरू नकोस. म्हणून शेवटच्या घरच्या तोटीला क्लोरिनचे प्रमाण लिटरला ०.२ मिलिग्रॅम भरते की नाही, हे रोज तपासण्याचे काम कोणाला तरी नेमून दे. गावचा व्हॉल्व्हमन ते करू शकतो. त्याला आताच भेट. कोणत्या गल्लीत पाणी चढत नाही, कोणाच्या मोटारी थेट नळाला लावलेल्या आहेत आणि जुनी लाइन कुठे गाडली गेली आहे, हे त्याच्याइतके तुझ्या नकाशांना ठाऊक नाही. मीटर बसवण्याला विरोध होईल. साताऱ्याकडच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी दिले, हे सभेत जरूर सांग, पण कोकणात बंद घराला किमान पाणीपट्टी किती लावायची हा प्रश्न तिथे नव्हता. तो तुला इथे सोडवायचा आहे. माझे मत विचारशील तर वर्षभराची किमान पट्टी सर्वांना सारखी ठेव आणि मे महिन्याचा दर चढा लाव. दोन्हीवर भांडणे होतील, पण ती रास्त भांडणे असतील.

जॅकवेलची जागा पक्की करण्यापूर्वी एक उन्हाळा थांब, असे मी तुझ्या वरिष्ठांनाही कळवतो. येत्या वैशाखी अमावस्येला खाडीवर जा. तिथला कोणीही मासेमार तुला तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरती किती वाजता ते सांगेल. अमावस्येला, पंधराव्या तिथीला, ती सव्वाअकराच्या आसपास येते, आणि खाडीच्या वरच्या टोकाला पाणी त्यानंतर काही वेळाने चढते. होडीतून मध्यावर जा. बाटलीला दगड बांध, बुचाला वेगळी दोरी लाव, तळाला टेकल्यावर बूच ओढ आणि बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहा. दर अर्ध्या तासाने एक तळाचा आणि एक वरचा असे नमुने घे, ओहोटी नीट लागेपर्यंत. क्लोराइड बाटलीत बदलत नाही, त्यामुळे प्रयोगशाळेत पोचवायला दोन दिवस लागले तरी चालेल. जंतुतपासणीचा नमुना मात्र निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचला पाहिजे. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या पेन्सिलीने लिही. होडीत शाई टिकत नाही, आणि माझ्या त्या जुन्या नमुन्यांपैकी अर्धे कोणत्या वेळचे होते, हे मला आजही सांगता येणार नाही.