वाचकांचे प्रश्न : वाफ गळतेय कुठून?

प्रश्न : चेक इंजिनचा दिवा लागलाय, स्कॅनरवर पी ०४४२ कोड येतोय. टाकीचं झाकण नवीन बसवलं तरी दिवा परत लागला, आता काय करू?

उत्तर : हा कोड म्हणजे पेट्रोलच्या वाफेची छोटी गळती, साधारण १ मिमीच्या भोकाएवढी, नुसतं बघून सापडणं कठीणच. आधी झाकण जिथं टेकतं ती कड बोटाने चाचपून बघा, गंजून खरखरीत झाली असेल तर नवं झाकणही नीट बसत नाही. कड ठीक असेल तर मग स्मोक टेस्ट (वाफेच्या नळ्यांत धूर सोडून गळती शोधायची चाचणी) करून घ्या, पण व्हेंट व्हॉल्व्ह, म्हणजे या नळ्या बाहेरच्या हवेला जोडणारी झडप, बंद करूनच, नाहीतर सगळा धूर तिथूनच निघून जातो आणि खरी गळती राहते बाजूलाच. धूर सोडलेला असताना कॅनिस्टरच्या (टाकीतली वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा) नळ्यांचे सांधे टॉर्च मारून बघा, धुराची बारीक रेघ दिसते. आणि कृपा करून कॉम्प्रेसरची हवा अजिबात भरू नका, टाकीत पेट्रोलची वाफ असते, जिवावर बेतेल.